आधी गूळपाणी

मी संशयी माणूस नाही. चौतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे कुणाचीही सही पाहिली की माझे डोळे आपोआप बारीक होतात, घराला कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून बघतो आणि दूधवाल्याने परत दिलेले सुटे पैसे त्याच्यादेखत मोजतो, इतकंच. याला आमची ही संशय म्हणते. मी दक्षता म्हणतो. बँकेत दर वर्षी दक्षता सप्ताह असे आणि त्यात भाषण करण्याचा मान माझ्याकडे सात वेळा आला होता. संशयी माणसाला कुणी भाषणाला बोलावत नाही.

तरीसुद्धा संशय हा गुण की अवगुण, हा प्रश्न मला साठी उलटून गेल्यावर पडला, आणि तोही पुतणीच्या कॉम्प्युटरमुळे. प्रश्न पडायला माणसं हिमालयात जातात. मला तो घरच्या ओटीवर पडला.

हे घर रेवदंड्याचं. अलिबागहून मुरूडचा रस्ता धरला की सतराअठरा किलोमीटरवर, कुंडलिका समुद्राला मिळते तिथे आमचं गाव. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इथे तट घातला, १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. तट म्हणजे तरी काय, दगडात बांधलेला संशयच. एके काळी ज्या तटातून ओळख पटल्याशिवाय कुत्रंही आत येत नसेल, त्यातूनच आज एस.टी. धूळ उडवीत आत शिरते आणि कंडक्टर मान वर करूनसुद्धा बघत नाही. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या. त्यातली एक आमची.

वाडी आबा बघतात. आबा आमच्या वडिलांच्या वेळचे. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून ते वाडीत आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दोनतीन तासांत वाडी निम्मी आडवी झाली. नारळाचं रोप लावलं तर ते धरायला सहासात वर्षं लागतात. आबा नवी रोपं लावायला लागले. मी उरलेली झाडं मोजायला लागलो, आणि मग मोजायची सवयच लागली. मी एक रजिस्टर घातलं. झाडाचा नंबर, उतरलेले नारळ, व्यापाऱ्याने नेलेले नारळ, शेरा आणि आबांची सही. नारळ उतरले की उतरलेले आणि नेलेले या दोन रकान्यांत सहा नारळांचा फरक यायचा. पाच नाहीत, सात नाहीत, सहा. तीन वर्षं हे सहा नारळ माझ्या छातीवर बसले होते. मी आबांना कधी एका शब्दाने विचारलं नाही. फक्त सही घेण्यापूर्वी त्या आकड्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारीत असे. त्या रेघेला आमची ही जे म्हणते, ते छापण्यासारखं नाही.

तर २०२४ च्या मे महिन्यात पुण्याहून पुतणी आली. चार मैत्रिणींनी मिळून काढलेली तिची छोटी कंपनी आहे. गोदामांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करतात. "काका, दहा दिवस तुमच्याकडे बसून काम करते. पुढच्या सोमवारी गिऱ्हाइकाला दाखवायचंय," म्हणाली आणि झोपाळ्यावर मांडी घालून बसली. मी समोर आरामखुर्चीत. ती दोनचार बोटं चालवायची आणि मग बराच वेळ नारळीच्या शेंड्याकडे टक लावून बघायची. मला कौतुक वाटलं. किती खोल विचार करते पोर!

"विचार नाही काका," ती म्हणाली, "वाट बघतेय."

प्रोग्राम लिहिणारी माणसं कोऱ्या पानावर लिहीत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचं एक दालनच असतं, आयडीई म्हणतात. लिहिणं, तपासणं, चुका शोधणं सगळं त्यातच. हे दालन तुमचा अख्खा प्रकल्प आधी वाचून काढतं आणि कुठलं नाव कुठे कुठे वापरलंय त्याची सूची करून ठेवतं, म्हणजे तुम्ही दोन अक्षरं लिहिलीत की तिसरं ते सुचवणार. छोट्या कामात हे जादूसारखं चालतं. हिचा प्रकल्प वीस लाख ओळींचा आणि फायली लाखाच्या घरात. त्यातल्या स्वतः लिहिलेल्या किती, विचारलं तर म्हणाली, दहातली एक. बाकीच्या जगभरातून उसन्या आणलेल्या. बँकेच्या भाषेत सांगायचं तर भांडवल दहा टक्के, उरलेलं कर्ज. एक बिल्ड, म्हणजे लिहिलेलं सगळं एकत्र जुळवून चालतं करायचं, तर अकरा मिनिटं. दिवसातून असं पंधरावीस वेळा.

मी तिला धीर दिला. म्हटलं, कोकणात आलीस तर जरा कोकणासारखी राहा. भरतीला कुणी लवकर ये म्हणतं का? मनुष्याने साधनापेक्षा मन सुधारावं. असं अकरा मिनिटांचं प्रवचन मी तिच्या प्रत्येक बिल्डला देऊ लागलो, म्हणजे तिचा वेळ सत्कारणी लागेल.

तिसऱ्या प्रवचनाला तिने मला स्टीव्ह जॉब्सची गोष्ट सांगितली. १९८३ साली मॅकिंटॉश तयार होत होता आणि तो सुरू व्हायला फार वेळ घेई. जॉब्स लॅरी केनियन नावाच्या इंजिनीअरकडे गेला आणि म्हणाला, हे दहा सेकंदांनी कमी कर. उद्या पन्नास लाख लोक रोज हे यंत्र सुरू करतील. वर्षभराची बेरीज केलीस तर डझनभर माणसांची आयुष्यं वाचतील. मी लगेच पाकीट फाडून त्याच्या मागे हिशेब केला. पन्नास लाख गुणिले दहा, गुणिले तीनशे पासष्ट: सुमारे ५७८ वर्षं. सत्तर वर्षांचं आयुष्य धरलं तर सव्वाआठ माणसं. डझन नाही! जॉब्स माझ्या शाखेत असता तर मी व्हाउचर परत केलं असतं. पण हिशेब जमला नाही तरी मुद्दा टोचला. उशीर हा निसर्गाचा नसतो. कुणीतरी केलेला असतो आणि दुसऱ्या कुणीतरी सोसलेला असतो. भरतीची उपमा मी मागे घेतली.

मग आम्ही उपायांना लागलो. मराठी माणसाच्या घरात आजार कुणालाच कळला नाही तरी औषध प्रत्येकाला ठाऊक असतं. ही म्हणाली, तापलाय तो, माजघरात गारव्याला ठेवा. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, फॉरमॅट मारा. माझ्या थोरल्या भावाने फोनवर सांगितलं, नवा घ्या. त्याने हेच माझ्या गुडघ्याबद्दलही सांगितलं होतं. मी बंद करून चालू करायला सांगितलं. आबा वाडीतून येऊन क्षणभर उभे राहिले, यंत्राकडे बघितलं, "घरघरतंय," म्हणाले आणि निघून गेले.

पुतणीचे उपाय आमच्याहून शहाणे होते. हे दालन ज्या भाषेत बांधलेलं असतं त्यात त्याला किती स्मरणशक्ती वापरायची याची कमाल मर्यादा ठरवून द्यावी लागते. मर्यादा तोकडी पडली की झाडूवाली सारखी फिरायला लागते. खरंच, नको असलेलं उचलून जागा रिकामी करणारा एक केर काढणारा आत असतो. खोली लहान आणि माणसं फार झाली की तो केरच काढीत बसतो, बाकीच्यांना काम करता येत नाही. आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आई दिवसभर हेच करीत असे. पुतणीने मर्यादा दोन गिगाबाइटची चार केली. थोडा फरक पडला. मग या आठवड्यात ज्या भागांना हात लावायचा नाही ते मिटून ठेवले, हौसेने बसवलेली सात जोडउपकरणं काढली. पुन्हा थोडा फरक. अकराची दहा मिनिटं झाली.

"मोठ्या कंपन्यांत काय करतात?" मी विचारलं. तर म्हणे गूगलची सगळी मिळून एकत्र भानगड २०१५ मध्येच दोनशे कोटी ओळींची होती. मायक्रोसॉफ्टचं विंडोज २०१७ मध्ये ३०० गिगाबाइट आणि पस्तीस लाख फायलींचं झालं होतं, आणि नुसता "काय काय बदललंय?" एवढा प्रश्न विचारला तरी मिनिटंच्या मिनिटं जात. शेवटी त्यांनी अशी योजना केली की सगळ्या फायली असल्यासारख्या दिसाव्यात, पण जी उघडाल तीच खरोखर आणली जावी. माझ्या मोठ्या मामांचा ग्रंथसंग्रह याच तत्त्वावर होता. कपाटाच्या काचेतून सगळं दिसायचं, वाचलेलं एकच.

शनिवारी संध्याकाळी पुतणीने लॅपटॉप मिटला. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. म्हणाली, "काका, आपण सगळे औषधच देतोय. आता औषधं बंद. आधी मोजू या." बिल्ड चालू केलं आणि कॉम्प्युटरच्या आत कोण किती काम करतंय त्याची यादी उघडली. मोजणं म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. यादीत पहिला नंबर तिच्या दालनाचा नव्हताच. पहिला नंबर भलत्याचाच होता, आणि तो बघून माझ्या पोटात खड्डा पडला.

आदल्या गणपतीत ती आली होती तेव्हा मी तिला अँटीव्हायरस भेट दिला होता. दोन वर्षांची वर्गणी भरून. बसवलाही मीच. त्यात पुष्कळ चौकटी होत्या: फाइल उघडताना तपासायची का, लिहिताना तपासायची का, बंद करताना, दाबून ठेवलेल्या फायलींच्या पोटात शिरून? मी सगळ्या चौकटींत बरोबरची खूण केली. आणि तिने तो घाईघाईत बंद करू नये म्हणून त्याला माझा पासवर्ड घातला. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. मी अधिकारी होतो.

आता दालन जेव्हा लाख फायली उघडतं, तेव्हा माझा रखवालदार त्या लाखही फायलींना दारात उभं करून खिसे चाचपतो. सकाळी चाचपलेल्यांना दुपारी पुन्हा. बिल्डमध्ये नव्या हजारो फायली तयार होतात, त्या जन्मल्याबरोबर त्यांचेही. २०१७ च्या जुलैपर्यंत मुंबईला जकात होती तेव्हा मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, तशी रांग तिच्या यंत्रात आठ महिने लागली होती, आणि नाकेदार मी होतो. पाकीट पुन्हा हातात घेतलं. रोजची पंधरा बिल्डं, प्रत्येकात सातआठ मिनिटं. जवळजवळ दोन तास. जॉब्सने वाचवलेलं मी खात होतो.

पण माणूस आपली चूक कळली म्हणून लगेच मान्य करतो असं नाही. मी वाद घातला. म्हटलं, तुझ्या दहातल्या नऊ फायली परक्यांनी लिहिलेल्या. कुणी लिहिल्या, कशासाठी, तुला ठाऊक नाही. अशांना न तपासता घरात घ्यायचं? पुतणी प्रामाणिक. तिने मला माझ्याच बाजूची गोष्ट सांगितली, दोनच महिन्यांपूर्वीची. एक्सझेड नावाचं, फायली दाबून लहान करणारं एक साधन आहे. जगभरच्या लिनक्स यंत्रांत असतं. सांभाळणारा एकटा आणि थकलेला. त्याच्या मदतीला जिआ तान अशा नावाने कुणीतरी आला. दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदार बसवून दिलं.

"बघ!" मी खुर्चीतून उठलोच. "मी काय म्हणत होतो?"

"पण पकडलं कुणी ते ऐका ना. कुठल्याही रखवालदाराने नाही." अँड्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनीअर आपल्या भलत्याच कामासाठी वेग मोजत बसला होता. दुसऱ्या यंत्रात शिरायला रोजच्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्याच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! दुसरा कुणी असता तर आळोखेपिळोखे देऊन पुढे गेला असता. हा त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्चला त्याने ते चोरदार सगळ्या जगाला दाखवलं. सर्वांचे खिसे चाचपणारे सगळीकडे होते, पण खिशात काही नव्हतंच. हा माणूस कुणाचा खिसा तपासत नव्हता. आपलं यंत्र एरवी कसं चालतं, एवढंच त्याला नेमकं ठाऊक होतं.

मी गप्प बसलो. पटलं म्हणून नव्हे. उत्तर सुचेना म्हणून. या दोहोंतला फरक बायकोला कळतो, पुतणीला अजून कळत नाही.

तिचं मागणं तसं फार नव्हतं. रखवालदार काढायचा नाही. ई-मेल, बाहेरून उतरवून घेतलेलं, पेन ड्राइव्ह, तिथे तो हवाच. फक्त प्रकल्पाचं फोल्डर आणि दालनाची सूची जिथे असते ती जागा, एवढ्यात त्याने येऊ नये. "तो वेशीवर राहू दे काका. माजघरात नको." आणि तेवढंही जिवावर येत असेल तर २०२३ पासून विंडोजमध्ये एक मधला मार्ग आहे, डेव्ह ड्राइव्ह म्हणून, त्यात फाइलला आधी आत येऊ देतात, काम सुरू होतं आणि तपासणी पाठोपाठ होते.

"म्हणजे आधी गूळपाणी, मग कुठून आलात ते," आमची ही आतून म्हणाली. ती सगळं ऐकत होती. आमच्या घरात माझ्या आईपासूनची ही रीत. दारात कोणी येवो, आधी गुळाचा खडा आणि तांब्याभांडं, मगच नाव-गाव. मी लहानपणी एकदा आईला विचारलं होतं, चोर आला तर? आई म्हणाली होती, त्यालाही तहान लागत असेल. बँकेत नोकरी लागल्यावर हे उत्तर मी भोळसट ठरवून निकालात काढलं होतं.

ठीक आहे म्हटलं, पासवर्ड देतो. आणि तो आठवेना. वाढदिवस झाले, लग्नाची तारीख झाली, १७४० झालं. मग आठवलं की विसरू नये म्हणून तो नारळाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता. रजिस्टर आबांकडे, पंपाच्या खोपीत. रात्री आठ वाजता बॅटरी घेऊन आम्ही दोघं वाडीत गेलो. आबा पंपाशी कान लावून उभे होते.

"फुटव्हॉल्व्ह गेलाय भाऊ. आवाज जड येतोय दोन दिवस."

मला आवाज रोजचाच वाटला. पुतणी मात्र माझ्याकडे बघून गालात हसली. मी दुर्लक्ष केलं.

रजिस्टर काढताना बॅटरीचा झोत नेमका लाल रेघांवर पडला. एकाखाली एक, तीन वर्षांच्या. काय झालं कोण जाणे, मी विचारून टाकलं. "आबा, हे दर वेळी सहा कुठे जातात?"

आबांना आश्चर्य वाटलं. "कुठे म्हणजे? दोन देवळात. दोन पलीकडच्या आळीतल्या म्हातारीला. दोन झाडावर चढणाऱ्याला घरी न्यायला. तुमच्या आईंनी घालून दिलंय."

"मग मला सांगायचं नाही?"

आबा थोडा वेळ बोलले नाहीत. पंप चालूच होता. "तुम्ही मोजायला लागलात," ते म्हणाले, "मग कसं सांगणार?"

आम्ही घरी आलो. पासवर्ड घातला, पुतणीने दोन फोल्डरं सोडवली आणि बिल्ड लावलं. मी प्रवचनाला सुरुवात करणार तोच झालंसुद्धा. तीन मिनिटं. सोमवारी तिचं काम गिऱ्हाइकाला पसंत पडलं. जाताना ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, पासवर्ड तुमचाच राहू दे." ही थट्टा होती की आदर, यावर मी अजून विचार करतो आहे.

पावसापूर्वीचे नारळ जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवले. रजिस्टर मी घरातच ठेवलं होतं. ओटीवर पेपर तोंडापुढे धरून बसलो होतो. वाडीतून धप्प, धप्प आवाज येत होता. दुपारी व्यापाऱ्याचा टेंपो गेला आणि आबा पायरीवर येऊन टेकले.

"किती झाले, आबा?"

"टेंपोवाल्याने चिठ्ठी दिलीय. मी नाही मोजले."

"तीनशे अठ्ठेचाळीस," माझ्या तोंडून निघून गेलं.

आबांनी खिशातून चिठ्ठी काढली, लांब धरून वाचली. तिच्यावर तीनशे बेचाळीस होते. त्यांनी ती घडी घालून परत खिशात ठेवली. आतून ही गुळाचा खडा आणि तांब्याभांडं घेऊन आली.